माँटेव्हिडिओला आईसोबत तीन रात्री: जास्त होतील का?

गारवा
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. नोव्हेंबरच्या मध्यावर नवऱ्याचं आठवडाभराचं ऑफिसचं काम अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला आहे आणि मी आणि आई सोबत जातोय. एवढ्या लांब जायचं, जाताना विमानातच सव्वा-दीड दिवस जाणार, तर त्याचं काम संपल्यावर तीन-चार दिवस पलीकडच्या काठावर उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओला राहावं असं माझ्या डोक्यात आहे. पण ज्याला विचारावं तो म्हणतो तिथे बघण्यासारखं काही नाहीये, सकाळच्या बोटीने जा, रात्रीच्या बोटीने परत या. मला मात्र त्या शहराचे समुद्राकाठचे फोटो बघितल्यापासून तिथेच जाऊन बसावंसं वाटतंय.

आईबद्दल सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. वय ६६, कोल्हापूरची, सपाटीवर चार किलोमीटर आरामात चालते पण जिने आणि चढ नको, डावा गुडघा दुखतो. पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. रोज नऊ ठिकाणं बघायची असली सहल तिला अजिबात आवडत नाही, मागे एका ग्रुप टूरमध्ये चौथ्या दिवशी ती बसमधून उतरलीच नव्हती.

तिघांचेही दोन्ही देशांचे व्हिसा झालेत, त्यामुळे तो प्रश्न नाही. प्रश्न हे की तीन रात्री जास्त होतील का, कुठल्या भागात राहावं, आईने खावं काय, आणि बोटीने जावं की विमानाने. कुणी राहिलेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

चिंचोका
आम्ही दोन वर्षांपूर्वी एका दिवसात केलं होतं. बोटीतून उतरलो, जुनं शहर चालत बघितलं, तो मोठा चौक, पालासिओ साल्वो ही जुनी उंच इमारत, बंदरावरच्या मार्केटात जेवलो आणि संध्याकाळी परत. खरं सांगतो, ब्युनोस आयर्स बघून आल्यावर तिथे फार काही नवीन वाटलं नाही. शिवाय आई शाकाहारी आहेत, त्या मार्केटात सगळीकडे निखाऱ्यावर मांस आणि धूर. तेच तीन दिवस इग्वासूच्या धबधब्याला द्या, आयुष्यात विसरणार नाही असा देखावा आहे.

दर्याकिनारी
गारवाताई, जा. नक्की जा आणि तीन रात्रीच राहा, आणि कसंही करून त्यातला एक दिवस रविवार असू द्या, का ते खाली सांगतो.

मी पुण्याहून कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं माँटेव्हिडिओला होतो. ऐकून आश्चर्य वाटेल पण टीसीएसचं तिथे २००२ पासून सेंटर आहे, झोनामेरिका म्हणून शहराबाहेर बिझनेस पार्क आहे तिथे, त्यामुळे आपल्याकडचे बरेच जण तिथे राहून आलेत. पहिले दोन महिने मलाही चिंचोका म्हणतात तसंच वाटायचं की इथे आहे काय. मग एक दिवस ऑफिस सुटल्यावर रांब्लावर जाऊन बसलो आणि कळलं की हे शहर बघायचं नसतं, तिथे संध्याकाळ घालवायची असते. आणि दिवसभराच्या ट्रिपवाल्यांची बोट नेमकी संध्याकाळी सुटते.

रांब्ला म्हणजे पाण्याकाठचा रस्ता, सलग बावीस किलोमीटर. एका बाजूला पाणी, मग रुंद फुटपाथ, काही भागात गुलाबी ग्रॅनाइटचा, मग रस्ता आणि त्याच्या पलीकडे बिल्डिंगी. पाण्याला लागून कुणाची खाजगी भिंत नाही, हॉटेलचा बीच नाही, सगळा किनारा सगळ्यांचा. संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर अख्खं शहर तिथे येतं. आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन येतात, काखेत थर्मास, हातात माते म्हणजे नळीने प्यायचा कडू पानांचा चहा, आणि नुसते बसतात. म्हातारी माणसं, कॉलेजची पोरं, ऑफिसातून थेट आलेली माणसं, कुत्री. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसायला आवडत असेल तर हे तुम्हाला आवडणारच, फक्त गर्दी आणि हॉर्न वजा करा. पूर्ण देशाची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास आहे, त्यातली निम्मी तरी ह्या शहरात आणि आजूबाजूला, आणि गाई-बैल म्हणाल तर माणसांच्या तिपटीहून जास्त.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे हिरमोड होणार नाही. समोर जे पाणी दिसतं तो समुद्र नाही, ती रिओ दे ला प्लाता नदी आहे, समुद्राला मिळते तिथली. पलीकडचा काठ दिसत नाही एवढी रुंद, आणि रंग बहुतेक वेळा चहासारखा. वरून गाळ येतो. वारा फिरला आणि समुद्राचं पाणी आत आलं की एखाद्या दिवशी हिरवट-निळं होतं आणि त्या दिवशी लोक एकमेकांना आवर्जून सांगतात.

राहायला पोसितोस किंवा पुंता कारेतास बघा. सपाट भाग, आईंच्या गुडघ्याला बरं, समोरच रांब्ला, खाली दुकानं. स्वयंपाकघरवाला फ्लॅट घ्या. जुन्या शहरात म्हणजे सिउदाद विएहात राहू नका, दिवसा छान आहे पण संध्याकाळी ऑफिसं बंद झाली की गल्ल्या एकदम ओस पडतात आणि मग तिथे मोबाईल हातात घेऊन फिरणं बरं नाही.

आणि हो, पोसितोसकडून पुंता कारेतासकडे चालत गेलात की रांब्लाच्या एका तुकड्याचं नाव रांब्ला महात्मा गांधी आहे. रांब्ला सलग असली तरी दर थोड्या अंतराने नाव बदलतं, मेक्सिको, चिले, पेरू असे देश आणि मध्येच आपले गांधीजी. माझा फ्लॅट तिथून दोन गल्ल्या आत होता, पत्ता सांगताना ते नाव घ्यायला मला फार बरं वाटायचं.

गारवा
दर्याकिनारी, मनापासून आभार, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. गांधीजींचं ऐकून ती म्हणाली की तिथे एक फोटो काढायचाच.
रविवारचं काय ते सांगायचं राहिलं तुमचं! आणि खाण्याचं पण.
अजून एक, ते पिवळ्या तापाचं इंजेक्शन लागतं का?

औषधपाणी
इंजेक्शनचं मी सांगते, हे नीट वाचा कारण ऐनवेळी धावपळ होते. उरुग्वेमध्ये पिवळा ताप नाही, त्यामुळे फक्त तिथे जाणाऱ्याला प्रश्न येत नाही. पण तुम्ही अर्जेंटिनाला जाताय, आणि भारताच्या यादीत अर्जेंटिना आणि ब्राझील दोन्ही आहेत. त्या देशांतून भारतात परतताना लसीचं प्रमाणपत्र मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, त्याआधी प्रमाणपत्र वैध होत नाही, आणि कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच. तिथली अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो म्हणून आत्ताच नंबर लावा.

आता आईंचं. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना जास्त जपावं लागतं, ही जिवंत विषाणूची लस आहे आणि त्या वयात तिचे गंभीर दुष्परिणाम व्हायची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. त्यामुळे घ्यायची की नाही हे त्यांची तब्येत, चालू असलेली औषधं बघून डॉक्टरांनीच ठरवायचं. डॉक्टर नको म्हणाले तर तसं वैद्यकीय सूट दिल्याचं लेखी पत्र घ्यायचं आणि पासपोर्टसोबत ठेवायचं. फोरमवर वाचून ठरवू नका, प्लीज.

गारवा
औषधपाणी, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. आमच्या डोक्यात आम्हा दोघांची लस होती, आईचं वय ह्यात येतं हे माहीतच नव्हतं. उद्याच तिच्या डॉक्टरांकडे जातोय.

टपाल
बोटीबद्दल माझा अनुभव लिहितो. ब्युनोस आयर्सहून दोन पर्याय आहेत, थेट माँटेव्हिडिओची बोट, साधारण सव्वादोन तास, किंवा समोरच्या कोलोनिया गावाची बोट, सव्वा तास, आणि तिथून बसने पावणेतीन तासांच्या आसपास. दुसरा मार्ग बहुतेक वेळा स्वस्त पडतो. बोटी मोठ्या आहेत, विमानतळासारखं चेक-इन, आणि गंमत म्हणजे अर्जेंटिनातून बाहेर पडल्याचा आणि उरुग्वेत शिरल्याचा दोन्ही शिक्के ब्युनोस आयर्सच्या बंदरावरच शेजारी-शेजारी होतात, पलीकडे उतरल्यावर सरळ बाहेर. त्यामुळे दीड तास आधी पोचा, अर्धा तास आधी जाऊन चालत नाही.

पण परतीची बोट आणि भारताचं विमान एकाच दिवशी ठेवू नका. आमची परतीची बोट आग्नेयेच्या वाऱ्यामुळे रद्द झाली, त्या वाऱ्याला तिकडे सुदेस्तादा म्हणतात, आणि बोट कंपनीने आम्हाला रात्री साडेअकराला मेल केला, तोही फक्त स्पॅनिशमध्ये. दुसऱ्या दिवशी काउंटरवर तीन तास रांगेत उभे राहिलो तेव्हा संध्याकाळच्या बोटीत जागा मिळाली. बायकोच्या बहिणीचं विमान तेवढ्यात गेलं. वाऱ्यावर कुणाचं चालत नाही हे मान्य आहे, पण वेळेवर कळवणं तर हातात होतं ना. म्हणून सांगतो, मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा.

दर्याकिनारी
टपालरावांना अनुमोदन, एक दिवस हातात ठेवाच.

आता खाणं. आईंना उपाशी राहावं लागणार नाही, पण नीट विचारून घ्यावं लागेल. तिथे शाकाहारी म्हटलं की कित्येक ठिकाणी समजतात की बीफ नको, मग हॅम घालून आणतात. त्यामुळे हे पाठ करा: सोय वेहेतारियाना, नो कोमो कार्ने, नि हामोन, नि पोशो, नि पेस्कादो, नि वेवो. म्हणजे मांस, हॅम, चिकन, मासे, अंडं काही नाही. पोशो म्हणजे चिकन, पुस्तकातल्या स्पॅनिशमध्ये पोयो असतं पण तिकडे त्या 'य'चा 'श' करतात, रस्त्याला काशे म्हणतात, पहिले काही दिवस मला काहीच कळायचं नाही.

सगळ्यात पहिली गोष्ट फाइना. इटलीतल्या जिनोव्हाहून आलेल्या लोकांनी तिकडे नेलेला पदार्थ. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, तेल, मीठ, एवढंच. मोठ्या गोल पितळी-लोखंडी थाळ्यात ओततात आणि लाकडाच्या भट्टीत सरकवतात, वरून सोनेरी, आतून मऊ, आणि वरती पांढरी मिरपूड. म्हणजे आपला बेसनाचा पोळाच, भट्टीतला. मागताना 'दे ओरिशा' म्हणा, म्हणजे थाळ्याच्या कडेचा, तो पातळ आणि कुरकुरीत असतो. मधला जाड असतो. मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा परदेशात आल्याला पाच महिने झाले होते आणि तो बेसनाचा वास आल्यावर मी दुकानात उभ्या-उभ्या दोन तुकडे संपवले आणि घरी फोन लावला.

पिझ्झाच्या दुकानातच फाइना मिळतो. तिथे एक लक्षात ठेवा, नुसतं 'पिझ्झा' म्हटलं तर चीज नसलेला, फक्त टोमॅटोचा रस्सा लावलेला चौकोनी तुकडा येतो. चीज हवं तर 'मुसारेला' म्हणायचं. पिझ्झ्यावर फाइना ठेवून खातात त्याला 'आ काबाशो' म्हणतात, घोड्यावर बसलेला.

जपायचं कुठे ते सांगतो. तोर्ता फ्रिता म्हणून आपल्या पुरीसारखा तळलेला प्रकार पाऊस पडला की जागोजागी मिळतो, दिसतो एकदम निरागस पण पारंपरिक पद्धतीने गाईच्या चरबीत करतात. बेकरीतले छोटे बिस्कोचोससुद्धा बऱ्याचदा चरबीचे. पालकाची पास्क्वालिना म्हणून जी पाय असते तिच्यात उकडलेलं अंडं. ताज्या पास्त्यात अंडं असतं, सुका पास्ता चालेल. दुल्से दे लेचे मात्र बिनधास्त, दूध आणि साखर आटवून केलेलं, आईंना कुंद्याची आठवण येईल. बाकी तिएंदा इंग्लेसा, दिस्को असली सुपरमार्केटं आहेत, तिथे तांदूळ, मसूर, दही, भाज्या सगळं मिळतं. सोबत गोडा मसाला आणि हिंगाची डबी न्या, एक कुकर फ्लॅटमध्ये असतोच असं नाही, पातेल्यात भात होतो. नळाचं पाणी पितात. २०२३ च्या दुष्काळात मात्र काही महिने ते खारट झालं होतं, तेव्हा माझ्या तिथल्या मित्रांनी बाटल्या आणून दिवस काढले.

आणि रेस्टॉरंटं रात्री आठच्या आधी जेवण देतील अशी आशा धरू नका.

आता रविवार. सकाळी त्रिस्तान नारवाहा नावाच्या रस्त्यावर बाजार भरतो, मुख्य रस्ता आणि बाजूच्या कितीतरी गल्ल्या, भाजीपासून जुन्या किल्ल्या, रेडिओ, पुस्तकं, कुणाच्या तरी आजीचे कपबशीचे सेट, सगळं. आणि संध्याकाळी, अंधार पडायच्या सुमारास, पालेर्मो आणि बारिओ सूर ह्या जुन्या वस्त्यांमध्ये ढोल निघतात. कांदोम्बे. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांच्या वंशजांनी जपलेलं. तीन प्रकारचे ढोल, चिको, रेपिके आणि पियानो, खांद्याला पट्ट्याने अडकवायचे, एका हातात काठी आणि दुसरा हात मोकळा. तिकीट नाही, स्टेज नाही, गल्लीतून चालत निघतात आणि लोक मागे चालतात. १९७८ साली लष्करी राजवटीने ह्यांची मेदिओमुंदो नावाची चाळ रिकामी करायला लावली, ३ डिसेंबरला, माणसं विखुरली गेली, तरी ढोल थांबले नाहीत, आणि आता तीच तारीख तिथे कांदोम्बे दिवस म्हणून पाळतात. २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. फेब्रुवारीत कार्निव्हलला मोठी मिरवणूक असते पण मला रविवारची ती घरगुतीच जास्त आवडायची. हे दिवसाच्या ट्रिपमध्ये दिसणारच नाही.

चिंचोका
दर्याकिनारी, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही मंगळवारी गेलो होतो आणि पाच वाजता बंदरावर परत होतो. मी वर जे लिहिलं ते माझ्या पाहण्याइतकंच होतं. इग्वासू आईंच्या गुडघ्यालाही जड गेला असता, पायऱ्या बऱ्याच आहेत, ते मी विसरलो होतो. गारवा, जा तुम्ही.

मैदानी
कुणी फुटबॉलचं नाव काढलं नाही म्हणून लिहितोय! पहिला वर्ल्ड कप १९३० साली ह्याच शहरात झाला, सगळेच्या सगळे सामने माँटेव्हिडिओत. एस्तादिओ सेन्तेनारिओ हे स्टेडियम त्यासाठीच बांधलं, देशाच्या पहिल्या राज्यघटनेला शंभर वर्षं झाली म्हणून ते नाव. ३० जुलैला फायनल, उरुग्वे ४, अर्जेंटिना २. आणि पुढे १९५० ला ब्राझीलमध्ये जाऊन माराकाना स्टेडियमवर ब्राझीलला २-१ हरवलं. पस्तीस लाखांच्या देशाचे दोन वर्ल्ड कप! स्टेडियममध्ये फुटबॉलचं म्युझियम आहे. त्या सिमेंटच्या पायऱ्यांवर मी एकटा अर्धा तास बसलो होतो, समोर रिकामं मैदान, माळी पाणी मारत होता. मला दुसरं काहीही बघायचं नव्हतं त्या दिवशी. आईंना नसेल रस तर नवऱ्याला पाठवा.

पणजीकार
कोलोनियाला थांबल्याशिवाय जाऊ नका, ही माझी हात जोडून विनंती. माझं घर पणजीत फोंतेन्हास ह्या जुन्या पोर्तुगीज वस्तीच्या वरच्या अंगाला आहे. २०१८ मध्ये कोलोनियाच्या जुन्या भागात शिरले आणि पाय थांबलेच. कौलारू बसकी घरं, चुन्याच्या रंगवलेल्या भिंती, दारावर निळ्या टाइल्सवर घराचा नंबर. पोर्तुगीजांनी १६८० मध्ये ब्युनोस आयर्सच्या अगदी समोर हे गाव वसवलं, स्पॅनिशांच्या नाकासमोर, मग शंभर वर्षं कधी ह्यांच्याकडे कधी त्यांच्याकडे, शेवटी १७७७ च्या तहात स्पेनकडे गेलं. त्यामुळे एका गल्लीत पोर्तुगीज घर आणि त्याला चिकटून स्पॅनिश. काये दे लोस सुस्पिरोस म्हणून उताराची गल्ली आहे, दगड जसे आले तसे लावलेले आणि पाणी वाहायला रस्त्याच्या मधोमध पन्हाळ. आईंना तिथे हात धरून न्या, दगड फार उंचसखल आहेत, चपला नकोत, बूट हवेत.

इतक्या दूर, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या वाड्यावरच्या घरासारखी खिडकी दिसली तेव्हा मला काय वाटलं ते अजूनही नीट सांगता येत नाही. युनेस्कोने १९९५ ला यादीत घेतलंय. तीन-चार तास पुरतात.

गारवा
सगळ्यांचे किती आभार मानू. आईच्या डॉक्टरांनी लस नको म्हणून सांगितलं आणि सूट दिल्याचं पत्र दिलंय, आमच्या दोघांची झाली.
प्लॅन असा केलाय: शुक्रवारी थेट बोटीने माँटेव्हिडिओ, पोसितोसमध्ये फ्लॅट, शनिवारी सकाळी जुनं शहर, रविवारी बाजार आणि ढोल, सोमवारी सकाळी बसने कोलोनिया, दुपार तिथे, संध्याकाळच्या बोटीने ब्युनोस आयर्स, मंगळवार मोकळा, बुधवारी भारताचं विमान.
पैसे आणि बसबद्दल दोन ओळी कुणी लिहील का?

दर्याकिनारी
प्लॅन मस्त झालाय, काही बदलू नका.
पैसे: एका डॉलरला साधारण चाळीस पेसो धरा, कार्ड सगळीकडे चालतं. परदेशी कार्डाने बिल दिलं तर रेस्टॉरंटमध्ये कर वजा करायची सवलत सरकार वेळोवेळी वाढवत आलंय, चालू आहे का ते विचारा. शहर स्वस्त नाही. बससाठी एसटीएम कार्ड घ्या, उबरही चालते. कोलोनियाची बस त्रेस क्रुसेस स्टँडवरून, सीट नंबरची तिकिटं असतात, आदल्या दिवशी काढा.
जुन्या शहरात जास्त करू नका. प्लासा इंदेपेंदेन्सियाला उतरा, मध्ये उरुग्वेचा राष्ट्रपुरुष आर्तिगासचा घोड्यावरचा पुतळा आणि त्याच्या खाली जमिनीखाली त्याची समाधी, काळा दगड, अंधार, दोन सैनिक पहाऱ्यावर. बाजूला १९२८ चा साल्वो, त्याच आर्किटेक्टने ब्युनोस आयर्सला बारोलो ही इमारत बांधलीये, ती बघून या म्हणजे दोघं भाऊ ओळखू येतील. मग १८५६ चं सोलिस थिएटर, आणि सारांदी ह्या चालायच्या रस्त्याने रमतगमत काफे ब्रासिलेरोला, १८७७ पासूनचं आहे. तिथे आईंना लाकडी खुर्चीत बसवा आणि कॉफी पाजा. बास.
नोव्हेंबरात दिवसा छान ऊन आणि रांब्लावर संध्याकाळी बोचरा वारा, आईंचा स्वेटर आणि कानटोपी हवीच. हाकारांदाची जांभळी झाडंही फुललेली असतील.
कुणी मातेचा कप पुढे केला तर एक नियम: नळी हलवायची नाही, सगळं संपवून कप परत द्यायचा, आणि 'ग्रासियास' तेव्हाच म्हणायचं जेव्हा अजून नको असेल. पहिल्याच कपाला धन्यवाद म्हणालात तर पुन्हा मिळणार नाही.

गारवा
धागा वर काढतेय. परत आलो मंडळी, परवा रात्री.

थोडक्यात लिहिणार होते पण जमणार नाही. बोट वेळेवर सुटली, वेळेवर पोचली. पोसितोसचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट होती. पहिल्या संध्याकाळी वारा इतका की आई म्हणाली दहा मिनिटांत परत जाऊ, आणि सव्वा तासाने आम्हीच तिला उठवलं. शेजारच्या बाकावर एक आजी होत्या, ऐंशीच्या तरी असतील, त्या आधी हसल्या, मग थर्मास उघडला आणि माते भरून आईच्या हातात दिला. आईने नियम लक्षात ठेवला होता, नळी हलवली नाही, पूर्ण संपवला, कप परत दिला आणि काहीच बोलली नाही. त्यांनी पुन्हा भरला. असे चार कप झाले. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण गुडघा दाखवून झाला, नातवंडांची संख्या बोटांवर झाली. पाचव्याला आई ग्रासियास म्हणाली तेव्हा आजींनी तिच्या गालाला हात लावला.

फाइना तीन दिवसांत सहा वेळा खाल्ला. आईने शेवटच्या दिवशी भट्टीवाल्याला खुणेने पिठाचं पाणी किती ते विचारून घेतलंय. गांधीजींच्या रांब्लावर फोटो काढला. नवरा स्टेडियमला जाऊन आला, मैदानी, तुम्हाला त्याने खास नमस्कार सांगितलाय. पणजीकार, कोलोनियात तुमची निळ्या टाइल्सची दारं बघितली, आईच्या हाताला धरून ती गल्लीही उतरलो.

पण मला सांगायचंय ते रविवारचं. साडेसातला पालेर्मोत पोचलो, ढोल कुठे दिसेनात. एका कोपऱ्यावर धूर होता म्हणून तिकडे गेलो. फुटपाथच्या कडेला पुठ्ठे आणि खोक्यांची फळकुटं पेटवलेली आणि भोवती पंधरा-वीस ढोल आडवे ठेवलेले, कातड्याची बाजू जाळाकडे. वाजवणारे बाजूला गप्पा मारत उभे. मी नवऱ्याला विचारत होते की हे काय करतायत, आणि आई एकदम म्हणाली, अगं तापवतायत, आपल्याकडे हलगी तापवतात तशी, गारव्याने कातडं ढिलं पडतं आणि आवाज बसतो. तिच्या लहानपणी त्यांच्या गल्लीत हलगीवाले यायचे आणि वाजवायच्या आधी गवत-कागद पेटवून हलगी शेकायचे, ती आणि मामा त्या जाळाशी बसायचे, हे मला तिने ह्याआधी कधीच सांगितलं नव्हतं.

ती सरळ पुढे गेली. पांढरी दाढीवाला एक माणूस वाकून आपल्या ढोलावर बोटाने टिचकी मारून बघत होता. आईने त्याला खुणेने विचारलं, मी बघू? तो बाजूला झाला. आईने पंजा टेकवला, मग बोटांनी एक थाप मारली, कान जवळ नेला आणि मान हलवून नाही म्हणाली. तो माणूस मोठ्याने हसला, त्याने जाळात अजून एक पुठ्ठा टाकला आणि ढोल पुन्हा आगीकडे वळवला. दोघं तिथेच थांबले, तो उकिडवा बसलेला, आई त्याच्या खांद्याला धरून वाकलेली. दोन-तीन मिनिटांनी त्याने ढोल उचलला आणि तिच्यासमोर धरला. तिने पुन्हा थाप मारली.

ह्या वेळी ती हो म्हणाली, आणि त्याने पट्टा खांद्याला अडकवला.